सुटण्याआधीची गाडी

सिम रेसिंगमध्ये एखाद्या गाडीचा नवा मॉड हाती आला की बहुतेक जण आधी लॅप टाइम बघतात. मी तो अगदी शेवटी बघतो. टायरची ग्रिप थोडी वाढवली की कुठलीही गाडी नॉर्डश्लाइफ ट्रॅकचे ते २०.८ किलोमीटर हव्या त्या वेळेत पार करते. त्यातून गाडी कळत नाही. ती कळते ग्रिप संपत येताना, आणि त्याहून जास्त, सुटलेली ग्रिप परत येताना.

सिम रेसिंग करणाऱ्यांत एक समज घट्ट रुजला आहे: चालवायला अवघड ती गाडी खरी. हा समज मला मनापासून खटकतो. रस्त्यावरची गाडी घडवणारे इंजिनिअर वर्षानुवर्षं खपतात, ते गाडीनं चालवणाऱ्याला वेळेवर सावध करावं म्हणून. त्यामुळे बहुतेक गाड्या वळणात आधी पुढून घसरतात, नाक बाहेर काढतात, टायर ओरडू लागतात. मागची बाजू सुटायची वेळ त्यानंतरची. स्लिप अँगल, म्हणजे टायरचं तोंड आणि त्याची प्रत्यक्ष चाल यांतला कोन, वाढेल तशी बाजूची ग्रिप वाढते, शिखर गाठते आणि उतरू लागते. रस्त्यावरच्या टायरचं हे शिखर बरंच पसरट असतं. घाईत केलेल्या मॉडमध्ये शिखरापलीकडे थेट कडा असतो. साधी फॅमिली सेडान कोरड्या रस्त्यावर जराशा थ्रॉटलनं गिरकी घेत असेल, तर टायरचा आलेख चुकला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

टायर तपासायची माझी आवडती रीत सोपी आहे. पुढचा अँटी-रोल बार कडक करायचा आणि तेच लांब वळण पुन्हा घ्यायचं. गाडी आता जास्त अंडरस्टिअर व्हायला हवी. टायरवरचा भार दुप्पट केला तरी ग्रिप दुप्पट होत नाही, हे यामागचं कारण. वळणात आतल्या चाकाचा भार बाहेरच्या चाकावर जातो. बाहेरच्याला जेवढी ग्रिप मिळते, त्याहून जास्त आतलं चाक गमावतं. बार कडक केला की पुढच्या जोडीत ही तफावत वाढते आणि पुढची पकड कमी होते. बार बदलूनही गाडी होती तशीच वळत असेल, तर टायरच्या फाइलमध्ये भाराचा हा हिशेब नीट झालेला नाही, असा संशय मी आधी घेतो.

जुनी पोर्शे ९११ मात्र खरोखरच कसोटी बघते. इंजिन मागच्या अॅक्सलच्याही मागे. १९६९ च्या मॉडेलसाठी पोर्शेनं मागची चाकं मागे सरकवून व्हीलबेस २२११ मिलिमीटरवरून २२६८ वर नेला. केवळ ५७ मिलिमीटर, पण स्वभावात फरक पडला. तरी वळणात मध्येच थ्रॉटलवरून पाय उचलला की भार पुढे सरकतो, नाक आत वळतं, मागची बाजू बाहेर निघते. बहुतेक मॉड एवढं जमवतात. पण टोकाला बसलेलं ते वजन एकदा फिरू लागलं की लवकर थांबत नाही, हे फार थोड्यांत जाणवतं. असेट्टो कोर्सा या सिममध्ये हे car.ini मधल्या इनर्शियाच्या तीन आकड्यांवर ठरतं. ते गाडीच्या रुंदी, उंची, लांबीवरून काढायची पद्धत आहे. तिथेच थांबलं, तर इंजिन मध्ये असलेली गाडी आणि ९११ सारख्याच चपळाईनं फिरतात.

स्टिअरिंगची गोष्ट वेगळी. ती मी डोळे स्क्रीनवरून काढूनही ओळखू शकतो. पुढचे टायर शिखराजवळ पोचायच्या थोडं आधीच व्हील हलकं व्हायला लागतं. टायर जमिनीला टेकतो त्या पट्ट्यातला बाजूचा जोर मध्यापासून किंचित मागे लागत असतो, म्हणून व्हील सरळ व्हायला बघतं. टायर घसरू लागला की तो जोर मध्याकडे येतो आणि हाताला ढिलाई कळते. या क्षणाची मी वाट बघत असतो.

फाइल उघडायची वेळ यानंतर. मागे अख्खा अॅक्सल आणि पाटे असलेल्या, आपल्या पद्मिनीच्या जातकुळीच्या गाडीला मागे डबल विशबोन जोडलेले सापडतात. कुठल्या तरी स्पोर्ट्‌स कारची फाइल उचलून फक्त वजन बदललेलं असतं. एक चाक कर्बवर चढवलं की हे गाडी चालवतानाही कळतं, कारण अशा अॅक्सलवर दुसरं चाकही कलायला हवं.

म्हणून मॉड करणाऱ्याला मी आधी विचारतो, कोणते आकडे मोजलेले आहेत आणि कोणते अंदाजाचे? सध्या ज्याच्या ९११ वर मी काम करतोय, त्यानं गाडीखाली शिरून टेपनं सस्पेन्शनचे सांधे मोजले आहेत आणि टायर अंदाजाचे असल्याचं फाइलच्या वरच लिहून ठेवलं आहे. अशा मॉडवर रात्री घालवायला मला आनंद वाटतो. त्याची गाडी पाय उचलल्यावर अगदी हवी तशी सुटते, पण सावरताना एक झोका जास्त घेते. मला मागच्या डँपरचा रिबाउंड कमी वाटतो. तो म्हणतो, टायरची बाजूची भिंत मऊ झाली आहे. पुढच्या आवृत्तीत तो आधी डँपर बदलणार आहे, टायरला हात न लावता.