मुक्काम किती उरले?



दिंडीत वीणा खाली ठेवत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. माझे थोरले बंधू, आमचे दादा, 22 वर्षे दिंडीचे विणेकरी होते. एका आषाढीला वाखरीच्या मुक्कामी वीणा त्यांच्या डाव्या हातातून दोनदा घसरली. सकाळी उठले की डोके ठणकत असे. "ऊन लागलंय, दादा," असे म्हणणारा मीच. गावी परतल्यावर 3 आठवड्यांनी त्यांना फेफरे आले, तेव्हा कुठे एमआरआय झाला. मेंदूत उजव्या बाजूला गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर नाव कळले, ग्लायोब्लास्टोमा. चौथ्या श्रेणीची, फार वेगाने वाढणारी गाठ.

मी डॉक्टरांना एकच विचारले, "किती दिवस?"

त्यांनी जवळ बसवून समजावले. ही गाठ मुळ्यांसारखी चांगल्या मेंदूत शिरते, म्हणून सगळी निघत नाही. पण चालणे-बोलणे न बिघडवता जितकी जास्त निघेल तितके बरे. वय कमी असलेले जास्त जगतात. दादा 61 वर्षांचे. जो स्वतःचे जेवण-अंघोळ स्वतः करू शकतो, त्याला उपचार जास्त झेपतात. आणि एमजीएमटी नावाचा जनुक गाठीत बंद असेल, तर टेमोझोलोमाइडच्या गोळ्या अधिक लागू पडतात. दादांचा बंद नव्हता.

मग आकडा आला. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, नुसते किरणोपचार घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण 12.1 महिन्यांपुढे जगले; सोबत या गोळ्या घेतलेल्यांपैकी निम्मे 14.6 महिन्यांपुढे. दोन वर्षांनी हयात असलेले शंभरात 10 होते, ते गोळ्यांमुळे 26 झाले. "तुमचे दादा कुठल्या निम्म्यात, ते मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर वहिनी रडत होत्या. "भावोजी, माझी कुठली एकादशी मोडली हो?" डॉक्टरांनी त्यांनाही सांगितले, बहुतेक रुग्णांत या गाठीचे कारण सापडतच नाही. माउली, तुम्हाला हात जोडून सांगतो, आजाऱ्याच्या उंबऱ्यावर बसून त्याच्या भक्तीचा हिशेब मांडू नका. वय, जनुक, गाठीची जागा, यातले काहीच माळेच्या मण्यांवर ठरत नाही.

किरणोपचाराच्या दुसऱ्या आठवड्यात दादा गळून गेले. कुणी अंगारा आणून दिला, म्हणाले, हे सोडा आता. दादांनी अंगारा कपाळी लावला आणि विचारले, "पायी निघालेला वारकरी अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतो का?" सहाही आठवडे त्यांनी पुरे केले.

पुढच्या आषाढीला आम्ही त्यांना गाडीने वाखरीला नेले. त्यांनी वीणा माझ्या मुलाच्या गळ्यात घातली आणि वाकून त्याच्या पाया पडले. पोरगा ढसाढसा रडला. त्यानंतर 6 महिन्यांनी, शस्त्रक्रियेपासून 17 व्या महिन्यात, दादा गेले.

ते 3 आठवडे मला अजून बोचतात. लवकर नेले असते तरी गाठीची जात बदलली नसती, हे मला कळते. पण हात चालता असतानाच उपचार सुरू झाले असते. म्हणून सांगतो, दिंडीत कुणाचे डोके रोज सकाळी दुखत असेल, उलटी होत असेल, एका बाजूचा हात-पाय लुळा पडत असेल, जीभ अडखळत असेल, पहिल्यांदाच फेफरे आले असेल, तर उन्हावर ढकलू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मुक्काम किती उरले, ते पांडुरंगाला ठाऊक. वेळेवर निघणे आणि वाट न सोडणे, एवढे मात्र आपल्या पायांत आहे.

॥ रामकृष्णहरि ॥