ऐकीव खून

मला खून ऐकायला आवडतात. हे वाक्य चारचौघांत बोललं की चारांतले दोघे हळूच खुर्ची मागे सरकवतात, म्हणून लगेच खुलासा करतो. मी पुस्तकं ऐकतो. कानात ती दोन बोंडं अडकवायची, मोबाइलवर बोट ठेवायचं आणि चालू लागायचं. कोणी तरी कसलेला नट आपल्याला अख्खी कादंबरी वाचून दाखवतो आणि त्याला चहाही विचारावा लागत नाही. याला ऑडिओबुक म्हणतात. मराठीत 'श्राव्य पुस्तक' असा शब्द आहे. पण त्या शब्दात खून असेल असं वाटत नाही, सुभाषितं असतील असं वाटतं.

माझ्या ऐकण्यातले प्रकार दोनच. एक थरारकथा आणि दुसरा, ज्याला इंग्रजीत अर्बन फँटसी म्हणतात तो. म्हणजे भुतं, चेटकिणी, मांत्रिक ही मंडळी शहरात बिऱ्हाड करून राहू लागली की काय होतं, त्याच्या गोष्टी. आपल्याकडच्या भुतांची या बाबतीत फार आबाळ झाली. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीवर. वाडा पाडून सात मजली इमारत उठली की जुन्या भाडेकरूंना त्यात जागा मिळते. मुंजाला कोणी विचारत नाही. नाही म्हणायला नारायण धारपांनी 'समर्थ'च्या कथांमधून अमानवी शक्ती तुमच्या-आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरांत आणून बसवल्या. पण इंग्रजीत हा गृहनिर्माणाचा उद्योगच झाला आहे.

आता माझी मतं. मतं विचारायला कोणी येत नाही, म्हणून ती साठली आहेत.

पहिलं मत असं की, थरारकथा आपण वाचत नसतो, पळत असतो. वर्णन आलं की डोळा उडी मारतो. फार जीव कासावीस झाला तर अंगठा शेवटच्या पानाकडे जातो. कानाला ना उडी मारता येते, ना अंगठा आहे. वाचणारा म्हणाला की इन्स्पेक्टर जिना चढू लागला, की सगळ्या पायऱ्या त्याच्यामागून आपल्याही नशिबी. भीती खरी असते ती त्या पायऱ्यांत, हे मला वयाच्या साठीनंतर कळलं. आपल्या कीर्तनकारांना ते शेकडो वर्षं ठाऊक आहे. द्रौपदीच्या पदराला हात घातला रे घातला की बुवा थांबणार, उपरणं सारखं करणार आणि आरतीचं ताट फिरवणार. ताट परत येईपर्यंत कोणाची उठायची टाप नसते.

आमचे चिरंजीव मात्र हीच पुस्तकं दुप्पट वेगाने ऐकतात. तशी सोय असते म्हणे. म्हणजे सात दिवसांचं पारायण साडेतीन दिवसांत. पुण्य तेवढंच लागत असेल. पण दुप्पट वेगाने दबा धरून बसलेला खुनी मला तरी लघवीला घाई झाल्यासारखा वाटतो.

दुसरी अडचण झोपेची. अर्ध्या तासाने पुस्तक आपोआप बंद होईल अशी कळ असते. पण मला दहाव्या मिनिटाला झोप लागते. उरलेल्या वीस मिनिटांत दोन खून उरकतात. सकाळी पुन्हा चालू करावं तर नायक कोणाच्या तरी थडग्यापाशी उभा असतो आणि मयत कोण याचा मला पत्ता नसतो. चुकीच्या अंत्ययात्रेत शिरल्यासारखं होतं. फिरून घरी आलो की ही दारातच विचारते, "अहो, चेहरा असा का? कोण गेलं?" मी प्रामाणिकपणे सांगतो, "अजून कळलं नाही."

तिसरं मत महत्त्वाचं आहे. वाचणाऱ्याला खुनी माहीत असतो. लेखकाला असतोच, पण लेखक कागदाआड लपलेला असतो. हा बिचारा दहा-बारा तास आपल्या कानाशी बोलतो आणि पोटातलं गुपित आवाजात येऊ देत नाही. लग्नघरात अर्धा तास गुपित ठेवून पाहा, म्हणजे ही काय तपश्चर्या आहे ते कळेल. काहींना ती जमत नाही. दोनच वाक्यं बोलणाऱ्या माळ्याला खास घोगरा आवाज दिला की मी ओळखतो, हा माळी पुढे येणार. फुकट कोणी आवाज खर्च करत नाही. आणि बायकांचे आवाज! बालगंधर्वांच्या मुलुखातल्या माणसाने याबद्दल न बोललेलंच बरं. बरेच पुरुष नुसता आवाज बारीक करतात, त्यामुळे खानदानी विधवा आणि तिचा पाच वर्षांचा नातू यांतलं कोण रडतंय ते समजत नाही.

आवाज एकदा कानात बसला की तो हलवू नये, हे चौथं मत. जिम बुचर यांची 'द ड्रेस्डेन फाइल्स' नावाची मालिका २००० साली सुरू झाली. हॅरी ड्रेस्डेन हा शिकागोतला मांत्रिक. आपल्याकडे प्लंबर जाहिरात करतो तसं याचं नाव फोनच्या डिरेक्टरीत 'विझार्ड' या सदरात आहे. तो जवळ आला की विजेची नाजूक यंत्रं बिघडतात, त्यामुळे ज्याच्या हातात मोबाइल टिकणार नाही त्याची गोष्ट मी मोबाइलवर ऐकतो. ही पुस्तकं जेम्स मार्स्टर्स हा नट वाचतो. टीव्हीवर 'बफी'च्या मालिकेत तो रक्तपिपासू स्पाइक होता. म्हणजे अनुभव घरचाच. सुरुवातीच्या पुस्तकांत तर तो श्वास घेतो तेसुद्धा ऐकू येतं. २०११ साली 'घोस्ट स्टोरी' हे तेरावं पुस्तक आलं ते जॉन ग्लोव्हर यांच्या आवाजात. ग्लोव्हर चांगले नट आहेत. पण श्रोत्यांनी असा काही गिल्ला केला, जणू ऐन प्रयोगाच्या दिवशी तिकीटबारीवर 'मुख्य नट बदलला आहे' अशी पाटी लागली. पुढे ते पुस्तक मार्स्टर्सच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित करावं लागलं. मला श्रोत्यांचं पटतं. नवरा बदलला तर बायको चालवून घेईल एक वेळ, पण कानातला माणूस बदललेला चालत नाही.

२०११ चंच दुसरं पुस्तक म्हणजे बेन आरोनोविच यांचं 'रिव्हर्स ऑफ लंडन'. पीटर ग्रँट हा लंडनचा साधा पोलीस शिपाई एका खुनाच्या जागी पहारा देत असतो आणि साक्षीदार म्हणून पुढे येतो तो भूत निघतो. पीटर पंचनाम्याची वही काढतो. इथेच मी त्याचा झालो. थेम्स नदी इथे जितीजागती बाई आहे, मामा थेम्स, आणि लंडनच्या पोटात गाडून टाकलेल्या फ्लीट, टायबर्न या उपनद्या तिच्या मुली. कोब्ना होल्डब्रुक-स्मिथ यांनी हे वाचताना लंडनच्या गल्लीगल्लीची बोली काढली आहे. मी ते मुठेच्या काठाने चालत ऐकलं. ऐकता ऐकता डावीकडे पाहिलं आणि वाटलं, ही बाई एक दिवस महापालिकेत जाऊन उभी राहिली, तर कोणत्या खिडकीवर पाठवतील?

घरी येऊन मोठ्या उत्साहाने ही कल्पना मराठीत आईला सांगितली. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, माहेर वाईचं. तिथे घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव होतो. ती म्हणाली, "नदी बाईच असते. त्यात नवीन काय सांगितलंन त्याने?" अर्बन फँटसीवरची इतकी आटोपशीर समीक्षा मी दुसरीकडे पाहिली नाही.

आईचा अधिकार मोठा आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या झुंजार आणि काळापहाड यांच्यासकट हाती लागतील तेवढ्या तिने परकराच्या वयात वाचल्या, त्याही तांदळाच्या डब्यात लपवून. वडील करडे होते. ते ओसरीवर आले की झुंजार तांदळात आणि हातात जपमाळ. लग्नानंतर डबा बदलला, सवय बदलली नाही.

आठ वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांचा पडदा बिघडला. मधलं दिसेनासं होतं आणि कडेचं दिसत राहतं, असा हा आजार. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण कोपऱ्यातलं जळमट दिसतं. घरात फिरायला अडचण नव्हती. गेलं ते वाचन. आणि मग एक गंमत पाहिली. भेटायला येणारा प्रत्येक जण तिला काही ना काही वाचून दाखवू लागला आणि प्रत्येकाने न विचारता हरिपाठ काढला. कोणी मनाचे श्लोक, कोणी एखाद्या महाराजांचं चरित्र. डोळे अधू झाले की लोक माणसाला पुण्य वाचून दाखवतात. खून कोणी वाचून दाखवत नाही. आईने तोंडाने मागितलं असतं तर कोणीही वाचलं असतं. पण ऐंशीच्या घरातल्या बाईने पाहुण्यांना "जरा तो मुडदा सापडतो तिथून वाच" असं सांगायचं कसं? रहस्यकथा एकट्याने, कोणाला न सांगता वाचायची गोष्ट आहे. तिचं नेमकं ते गेलं होतं.

हे ज्यांनी फार पूर्वी ओळखलं त्यांना माझा नमस्कार. इंग्लंडात १९३५ साली अंधांसाठी बोलकी पुस्तकं निघाली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक तेव्हा तरणेताठे होते. मोठमोठ्या तबकड्या, एका बाजूला साधारण २५ मिनिटं. पहिल्यावहिल्या पुस्तकांत जोसेफ कॉनरॅडचं 'टायफून' होतं आणि दुसरं होतं अगाथा ख्रिस्तीचं 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'. तेव्हा या धंद्याचं मूळच खुनात आहे. कोणी तरी शहाण्या माणसाने विचार केला असणार, की या पोरांना उपदेश पुष्कळ मिळतोय, एक मुडदा द्या.

२०१७ च्या अखेरीला स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी भारतात आली आणि मराठी पुस्तकं मोबाइलवर बोलू लागली. नातवाने आजीला कळा शिकवल्या. महिनाभरात ती वाचणाऱ्यांना नावं ठेवण्याइतकी तयार झाली. "हा मुलगा चांगला आहे, पण प्रेत दिसलं की ओरडतो. प्रेत दिसलं की माणूस आधी गप्प होतो रे." एकीला तर तिने मोबाइलमध्येच सांगितलं, "बाई, पाणी पी. घसा बसलाय."

हल्ली यंत्राकडूनही पुस्तकं वाचवून घेतात. वर्तमानपत्र, बँकेचं पत्र यांना तो आवाज उत्तम. न दिसणाऱ्या कितीकांचे व्यवहार त्यावर चालतात. पण नातवाने यंत्राने वाचलेली एक भयकथा लावून दिली, तेव्हा आई पाच मिनिटं कान देऊन बसली आणि म्हणाली, "अरे, हा श्वास कधी घेतो?" मग थोड्या वेळाने, "याला काही होणार नाही. मग मी कशाला घाबरू?" भूत आलं की आपल्याबरोबर घाबरणारं कोणी तरी जिवंत लागतं, एवढंच तिचं म्हणणं.

आता आईच्या खोलीतला दिवा दहाला मालवतो. वाचायला तिला दिवा लागत नाही, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. मध्यरात्री पाणी प्यायला उठलं की दाराच्या फटीतून कोणी तरी खालच्या आवाजात कबुलीजबाब देताना ऐकू येतं. सकाळी डोळे तारवटलेले. मी विचारतो, "आई, काल जागलीस का गं?"

"छे रे," ती चहाचा कप चाचपत म्हणते, "जप करत होते."