दहातला एक

काल भाचीच्या बारशाला इन्स्टॅक्स, म्हणजे झटपट फोटोचा कॅमेरा, बाहेर काढला. फिल्मच्या पाकिटात फोटो दहाच. दोन तर आत्याच्या मिटलेल्या डोळ्यांवरच गेले. मोबाइलवर शंभर फोटो काढणारी मंडळी त्या पांढऱ्या चौकटीभोवती डोकी घालून उभी. आजी फोटो हलवायला लागली. हलवून काही होत नाही, रसायन आपल्या चालीनं चालतं, पण तिला सांगणार कोण? हळूहळू पाळण्याचा दांडा दिसला, मग झेंडूची माळ.

१९४३ साली झटपट कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांच्या चिमुरड्या मुलीनं विचारलं होतं, फोटो लगेच का दिसत नाही? १९४८मध्ये त्यांचा कॅमेरा बॉस्टनच्या दुकानात आला. आता आम्ही थांबायचे पैसे मोजतो!

फोटो आजीनं पोथीत ठेवला. माझ्याकडे प्रत नाही.