धुळाक्षरें

आमच्या नातवास चौथें वर्ष लागलें तेव्हां त्याला सर्व मुळाक्षरें येतात, असें आम्ही आल्यागेल्यास मोठ्या कौतुकानें सांगत असूं. भिंतीवरील तक्त्यासमोर उभें राहून 'ग गणपतीचा, घ घराचा' असें तो न अडखळतां म्हणे आणि पाहुणे त्याच्या हातावर खाऊ ठेवीत. एके दिवशीं मीं सहज तक्त्यांतील चित्रांवर कागद धरला व नुसत्या 'घ' वर बोट ठेवलें. तो गोंधळून माझ्याकडे पाहूं लागला. शेवटीं म्हणाला, "आजी, घर कुठें गेलें?" इतके महिने हा मुलगा घर वाचीत होता, 'घ' त्यानें कधीं पाहिलाच नव्हता!

त्यानंतर मीं जें केलें तें सांगावयास संकोच वाटतो. चारचौघांत मारलेल्या बढाईची लाज मीं त्या मुलावर काढली. रोज सायंकाळीं पाटी पुढें ठेवून एकेक अक्षर वीस वीस वेळां गिरवावयास लावलें. एकदां 'भ' चा 'म' झाला म्हणून हातावर चापटही मारली. आठ दिवसांत त्याची अशी गत झाली कीं, पाटी दिसतांच त्याच्या पोटांत दुखूं लागे. पुढें पुढें तर मीं बोलावलें तरी तो माझ्याजवळ येईना. हें मात्र मला फार लागलें.

आमचें बिऱ्हाड सणसवाडीस आहे. पुणें-नगर रस्त्यावर कारखान्यांची दाटी झाल्यापासून येथें कुठें ना कुठें बांधकाम चालूच असतें. शेजारच्या नव्या घरासाठीं आणलेल्या वाळूच्या ढिगाशीं आमचे चिरंजीव एका दुपारीं उकिडवे बसले होते. बोटानें रेघा ओढाव्या, तळहातानें पुसाव्या, पुन्हां ओढाव्या, असा उद्योग अर्धा तास तरी चालला होता. पुसण्याचें दुःख नाहीं, कीं चुकण्याची भीति नाहीं. मला एकदम माझ्या आजोबांची आठवण झाली. ते धुळपाटीवर शिकलेले. फळीवर बारीक धूळ पसरून तींत अक्षर काढावयाचें, म्हणूनच त्यांस धुळाक्षरें म्हणत. रोममध्यें १९०७ सालीं बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसोरीबाईंनीं खरखरीत कागदाचीं अक्षरें करून मुलांच्या बोटांस अक्षराचें वळण लाविलें. आणि ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस खेड्यांतील मुलांसाठीं काम आरंभिलें तेव्हां महाग साहित्य बाजूस सारून शिंपले, खडे, पानें, बिया यांवर भिस्त ठेवली. हें सारें मीं वाचलेलें होतें. घरच्या मुलाच्या वेळीं तें कां आठवलें नाहीं, कोण जाणे!

पाटी माळ्यावर गेली. परातींत चाळलेली वाळू घेतली आणि अक्षरांचा क्रमही बदलला. आपल्याकडील 'ग म भ न' ही जुनी ओळ मोठी शहाणपणाची आहे. चारही अक्षरांस उजवीकडे एकच दंड. बदलतें तें डावीकडचें थोडेंसें वळण. दुसऱ्या खेळास चिंचोके घेतले. मीं फरशीवर खडूनें मोठें अक्षर काढावें आणि त्यानें त्या रेघेवर चिंचोके मांडीत जावें. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर खळीनें वाळू चिकटवून अक्षरें केलीं, आणि डोळ्यांस रुमाल बांधून तीं नुसत्या बोटांनीं ओळखावयाचीं ठरलें. माझी पाळी आली तेव्हां मीं खुशाल 'ध' म्हणून सांगितलें. तो टाळ्या पिटून ओरडला, "आजी चुकली! घ आहे, घ! डोक्यावरची रेघ बघ ना!" महिन्याभरांत तो प्रथमच माझ्या मांडीवर येऊन बसला.

वाचकभगिनींनो, सर्वांत उपयोगी पडले ते मात्र स्वयंपाकघरांतील डबे. मीठ, मोहरी, मसूर या तिन्ही डब्यांवर मीं एकच 'म' लिहून चिकटवला व 'म' चा डबा आणावयास त्याला धाडूं लागलें. त्यानें डबा हलवावा, हुंगावा, उघडून पाहावा. आंत दर वेळीं निराळें, वर अक्षर तेंच! तक्त्यांत प्रत्येक अक्षरास एकच चित्र जखडलेलें असतें. म्हणून मूल चित्र धरतें व अक्षर सोडतें. येथें धरावयास अक्षराखेरीज दुसरें कांहीं उरलेंच नाहीं.

एक अडचण मात्र रस्त्यावर निघाली. मराठी वळणाचा पाकळ्यांचा 'ल' शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें प्रमाण ठरविला आहे. पण दुकानांच्या पाट्यांवर हिंदी वळणाचा दंडाचा 'ल' जागोजागीं दिसतो. "हा कोण?" म्हणून त्यानें विचारलें. "तोच ल, सदरा निराळा," असें मीं सांगितलें. मला वाटलें होतें, घोटाळा होईल. त्यानें मान डोलावली आणि पुढच्या दुकानाकडे बोट केलें.

'भ' आणि 'म' यांची गफलत अजून होते. 'ठ' व 'ढ' यांच्या वाटेस आम्ही अद्यापि गेलोंच नाहीं. काल सकाळीं देवघरांतील रांगोळीची वाटी घेऊन त्यानें उंबऱ्याबाहेर हातभर मोठा 'घ' काढला. दंड डावीकडे गेला होता आणि वळण उजवीकडे. दूध आणावयास जातांना मीं तो ओलांडून गेलें.