पाळकांचा शब्बाथ

आमच्या ॲडव्हेंटिस्ट मंडळीत मी बरीच वर्षं एल्डर होतो. त्या काळात आमचे एक तरुण पाळक खचत गेले आणि त्यात माझा मोठा वाटा होता. इतर एल्डरांनी तरी ते टाळावं, म्हणून हे लिहितो आहे.

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत आमचा शब्बाथ. शेत, दुकान, ऑफिस सगळं बंद. पाळकांचा मात्र तोच सर्वांत कामाचा दिवस. सकाळी आमच्याकडे शब्बाथ शाळा आणि उपदेश, दुपारी दुसऱ्या गावची मंडळी, मग आजाऱ्यांच्या घरी प्रार्थना. रविवारी आम्हाला सवड, म्हणून कमिटी रविवारी. पाळकांना सवड कधी, हे मी कधी विचारलंच नाही.

'दशमांश आपण देतो, म्हणजे पाळकांना आपण पोसतो,' असं माझ्या मनात पक्कं होतं. खरं तर आमच्याकडे दशमांश गावच्या मंडळीत राहत नाही. तो वरच्या कार्यालयाकडे जातो आणि तिथून ठरलेल्या श्रेणीप्रमाणे पाळकांना पगार मिळतो. पाळक कुणा एका मंडळीचा मिंधा राहू नये, हा त्या व्यवस्थेचा मोठा गुण. तरीही सभागृहाची किल्ली सापडत नाही म्हणून मी त्यांना रात्री उशिरा हक्कानं फोन करायचो.

पाळकीणबाईंनाही मी गृहीत धरलं. मुलांचा वर्ग, स्त्रियांची सभा, बाहेरून आलेल्या पाहुण्यांचं जेवण, सगळं त्यांच्याकडे. त्यांना जमेल का, हे न विचारताच आम्ही कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव घालायचो.

एकदा पाळकांनी आठवड्यातला एक दिवस घरच्यांसाठी मागितला. मी म्हणालो, "पास्टर, मेंढपाळाला कसली सुट्टी?" ते मला फार भक्तीचं बोलणं वाटलं होतं. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पुढे त्यांची झोप उडाली, रक्तदाब वाढला आणि शेवटी त्यांनी बदली मागून घेतली.

आमच्या चर्चची संघटना १८६३ मध्ये उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी जेम्स व्हाइट संपादन, प्रवास आणि कारभार एकाच वेळी ओढत होते. ऑगस्ट १८६५ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिलच्या जलोपचार केंद्रात त्यांना सक्तीची विश्रांती दिली, पण नुसतं बसून राहून ते सावरेनात. मग पत्नी एलेन व्हाइट यांनी त्यांना मिशिगनमधल्या ग्रीनव्हिलला नेलं. तिथे शेतात राबताना ते हळूहळू उभे राहिले. ही हकिगत मी अनेकदा सांगितली होती. आपल्या पाळकांकडे पाहताना ती मला एकदाही आठवली नाही.

नवे पाळक आले तेव्हा आम्ही निर्गमच्या अठराव्या अध्यायातला इथ्रोचा सल्ला मनावर घेतला आणि कामं वाटून घेतली. कारभाराचे फोन आधी एल्डरकडे. बुधवारची प्रार्थनासभा आम्ही आळीपाळीनं घेऊ लागलो. सोमवार पाळकांच्या घरचा. मृत्यू किंवा गंभीर आजार सोडून त्या दिवशी कुणी हाक मारायची नाही. पाळकीणबाईंनी स्वतः निवडलं तेवढंच काम त्यांच्याकडे. शिवाय, बदली आणि पगार ज्यांच्या हातात नाही अशा एका निवृत्त पाळकांकडे ते मन मोकळं करू लागले. पाळकाला खचल्याचं बोलून दाखवायला निर्भय जागा लागते, हे मला तेव्हा उमगलं.

आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायला मी पूर्वी घाबरायचो. ते काम पाळकांचंच, असं म्हणून मोकळा व्हायचो. आता आम्ही एल्डर ते करतो. एका माणसावर सगळं टाकून आम्ही त्याला थकवलं होतंच, आणि स्वतःही सेवेला पारखे झालो होतो.

आधीच्या पाळकांची मी क्षमा मागितली. त्यांनी ती मनापासून केली. पण त्यांच्या मुलांना वडील मिळाले नाहीत ती वर्षं मी भरून देऊ शकत नाही. म्हणून एल्डरांना माझी कळकळीची विनंती आहे: वर्षाचे कार्यक्रम ठरवायला बसाल, तेव्हा पाळकांच्या विश्रांतीचा दिवस सर्वांत आधी लिहा आणि तो राखण्याची जबाबदारी स्वतःच्या नावावर घ्या.