कौलांचा टीव्ही

टीव्ही म्हणजे एकसंध वस्तू, असं आपण धरून चालतो. दुकानातून खोक्यात येतो, भिंतीवर चढतो आणि एक दिवस पडद्यावर उभी रेघ उमटते. मग मेकॅनिक येतो आणि मान हलवतो. "पॅनेल गेलं. नवीन पॅनेलच्या पैशात नवा टीव्ही येईल." आतलं बाकी सगळं धडधाकट, आवाजही खणखणीत, पण वस्तू भंगारात. आंजर्ल्याच्या आमच्या घरी आठ वर्षांत असे दोन टीव्ही गेले. खारी हवा, ऑक्टोबरातल्या विजा की लाईटची ये-जा, नक्की कशाने गेले ते कोणी सांगू शकलं नाही.

म्हणून या मे महिन्यात पुतण्याने "काका, तुकड्यांचा टीव्ही लावूया का माजघरात?" असं विचारल्यावर मी कान टवकारले.

पुतण्या पुण्यात मंडपवाल्यांकडे एलईडी वॉलचं काम करतो. लग्नात स्टेजच्या मागे आणि गणपतीत मांडवाबाहेर जी भलीमोठी झगमगती भिंत दिसते, ती. ती भिंत मुळात अखंड नसतेच. फूटभर लांब आणि अर्धा फूट उंच असे चौकोन, म्हणजे मॉड्यूल, शेजारी शेजारी लोहचुंबकाने सांगाड्यावर चिकटवलेले असतात. प्रत्येक मॉड्यूलवर तांबड्या, हिरव्या, निळ्या दिव्यांचे बारीक ठिपके. आपल्या नेहमीच्या एलसीडी टीव्हीत मागून उजेड पाडावा लागतो. इथे ठिपका स्वतःच पेटतो. एक मॉड्यूल बिघडलं तर तेवढंच ओढून काढायचं, दुसरं लावायचं. बाकीची भिंत चालूच.

घरासाठीही हे निघालंय. सॅमसंगने जानेवारी २०१८ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात 'द वॉल' नावाचा १४६ इंची, जोडत जाता येणारा पडदा मांडला होता. पण अशा अतिबारीक दिव्यांच्या टीव्हीची किंमत ऐकाल तर हसाल. २०२३ मध्ये त्यांचा ११० इंची मायक्रो एलईडी टीव्ही भारतात आला तो एक कोटी चौदा लाखांच्या वर! तेवढ्यात आंजर्ल्यात काय काय येईल याचा हिशोब आमच्या ओटीवर बराच वेळ चालला. पुतण्याचं म्हणणं वेगळं होतं. मंडपातलं मॉड्यूल घ्यायचं, दोन ठिपक्यांत अडीच मिलिमीटर अंतर असलेलं. आडवी आठ, उभी नऊ, एकूण बहात्तर. पडदा होतो २.५६ मीटर रुंद आणि १.४४ मीटर उंच.

मी कागदावर मांडून बघितलं. एका मॉड्यूलवर १२८ गुणिले ६४ ठिपके. म्हणजे अख्ख्या पडद्यावर आडवे १०२४ आणि उभे ५७६. हा ५७६ आकडा ओळखीचा वाटला. आपल्या जुन्या दूरदर्शनचं चित्र ६२५ रेघांचं होतं आणि त्यातल्या ५७६ रेघांत दिसणारं चित्र असायचं! म्हणजे एवढा खटाटोप करून बारकाई मिळणार ती 'रामायणा'च्या काळातलीच. जवळ बसलं तर ठिपके दिसणार. पुतण्याचा ठोकताळा असा, की जितके मिलिमीटर अंतर तितके मीटर तरी लांब बसायचं. आमचं माजघर ऐसपैस आहे, तेव्हा ती अडचण नाही. पण रात्री जवळ सरकून बातम्यांखालची बारीक अक्षरं वाचायची असतील, तर हा पडदा कामाचा नाही.

मग हवाय कशाला? खरं सांगायचं तर, टीव्ही बघायला नाहीच. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं तेव्हा आमच्या वाडीत एकच टीव्ही होता. बांबूला अँटिना बांधलेला, चित्रात मुंग्या, आणि समोर अख्खी वाडी. आता मे महिन्यात घरात सतरा माणसं जमतात आणि जेवणं झाली की सतरा मोबाईल उघडतात. प्रत्येकाच्या पडद्याचा उजेड प्रत्येकाच्या तोंडावर. काकू एकटी वर्षभर या महिन्याची वाट बघते आणि मग अकरा महिन्यांसारखीच एकटी भिंतीला टेकून बसते. पुतण्याला ते खुपलं होतं. मलाही.

ओटीवर लावू, म्हणजे खळ्यातूनही दिसेल, असं एक मत निघालं. काकूनेच ते मोडीत काढलं. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने निघतात, आणि निसर्गात तो उजेड समुद्राकडचा असतो. माणसाचा दिवा दिसला की ती उलटी फिरतात. "तुमच्या सिनेमापायी त्यांना वाट चुकवू नका," ती म्हणाली. तेव्हा माजघरच.

आता मुख्य मुद्दा. तुकड्यांची वस्तू टिकते, हे ऐकायला छान वाटतं. पण तुकड्यांची एक वस्तू आमच्या डोक्यावर कायम आहे, ती म्हणजे छप्पर. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि तिथली खाचेत खाच बसणारी कौलं पुढे कोकणभर पसरली. फुटलं एक कौल, बदललं एक कौल. पण खाच खाचेत बसली तरच. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या शेजारी नीट बसत नाही, मग पाणी शिरतं. हे काकाला पक्कं ठाऊक होतं. तो गोठ्याच्या भिंतीला जास्तीच्या कौलांची चवड लावून ठेवायचा आणि कुठल्या कारखान्याची, किती, ते एका वहीत लिहायचा. आम्ही त्याला हसायचो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. आम्ही लॉकडाऊनमध्ये पुण्यात अडकलेलो. चार दिवस काकूचा फोन लागला नाही. ते चार दिवस कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. नंतर कळलं की पोफळी आडव्या झाल्या, ओटीवरचं छप्पर उडालं. कौलांना सगळीकडून मागणी, मिळतील तिथली आणली तर खाच जुळेना. गावातल्या कित्येक घरांवर पत्रे चढले. आमच्या ओटीवरही चढले. माजघर मात्र शेजारच्यांनी दोन दिवसांत शाकारलं, कारण काकाची चवड शाबूत होती. काका जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

पुतण्याला मी विचारलं, तुझ्या मॉड्यूलचंही असंच का? तो म्हणाला, अगदी असंच. एलईडी बनतात तेव्हा सगळे सारख्या रंगाचे निघत नाहीत. रंग आणि उजेड बघून त्यांची प्रतवारी करतात. पुढच्या वर्षी दुसऱ्या लॉटचं मॉड्यूल आणलं तर चालेल, पण पडद्यावर ठिगळ दिसेल. जुनं झालेलं फिकंही पडतं. म्हणून जाणकार माणूस एकाच लॉटचे जास्तीचे तुकडे आधीच घेऊन ठेवतो.

म्हणजे टिकण्याचं रहस्य वस्तूत नाहीच. ते चवडीत आहे, आणि चवड राखणाऱ्या माणसात. घरात कायम राहणारं माणूस आता एकच आहे, सत्तरी ओलांडलेलं. आम्ही सगळे मे महिन्याचे आणि गणपतीचे. मला वाटलं, इथेच हा विषय संपला.

पुतण्याने बॅगेतून नमुन्याचं एक मॉड्यूल काढून काकूच्या हातात दिलं आणि पितळी डब्याच्या झाकणाएवढं जड असेल-नसेल ते तिला एका लोखंडी पट्टीवर चिकटवून दाखवलं. तिने ओढलं, परत लावलं. पुन्हा ओढलं. मागची तार कुठे खोचायची ते विचारलं. आधी मेन स्विच बंद करायचा, हे तिनेच सांगितलं. मग म्हणाली, "बहात्तर भिंतीवर. आणि जास्तीचे किती देतोस?"

"आठ देतो, काकू."

"बारा दे. आणि तू दर मे महिन्यात येऊन बघून जायचंस. तुझा पोरगा मोठा झाला की त्याने."

बारा ठरले. गणपतीच्या आधी पडदा लागेल. जास्तीचे तुकडे ओल शोषणाऱ्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात राहतील. लॉटचा नंबर काकूने काकाच्या वहीत कौलांच्या हिशोबाखाली लिहायला सांगितलाय. तारखेनिशी.