वर्कला एस लागतो

सातवीत सरांनी इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ घोकून घेतला. आय वर्क, यू वर्क, वुई वर्क, दे वर्क. फक्त ही, शी, इट आलं की वर्क्स. मराठीत मी करतो, तू करतोस, ती करते, तुम्ही करता, ते करतात. त्या मानाने इंग्रजी स्वस्तात सुटत होती. एक एस सांभाळला की झालं. जुन्या इंग्रजीतही क्रियापदाला असे बरेच प्रत्यय होते, ते झिजत गेले, हे पुढे कळलं. १६११च्या बायबलात 'गोज'च्या जागी 'गोएथ' सापडतं. उत्तरेकडच्या बोलींतल्या एसने तो 'थ'ही घालवला.

नकार आला की मात्र हा एस जागा बदलतो. तो डू ला चिकटतो, त्याचं डज होतं आणि मूळ क्रियापद मोकळं राहतं. मला हे जमत नव्हतं. सहामाहीत 'माझे कुटुंब' निबंधात मी लिहिलं, माय फादर वर्क्स इन अ फॅक्टरी. माय मदर डज नॉट वर्क्स. सरांनी दुसऱ्या वाक्यातल्या एसवर लाल काट मारली आणि अर्धा गुण कापला.

पेपर घेऊन घरी आलो तेव्हा आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. सोलापुरात आमच्या गल्लीत घरोघरी हेच चाले. तेंदूची पानं भिजवायची, मापाने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. हजार भरल्याशिवाय ती उठत नसे.

"काय चुकलं रे?"

"एक एस जास्त पडला."

"कशात?"

"आई काम करत नाही, या वाक्यात."

तिचे हात थांबले नाहीत. "वाक्य तर बरोबर आहे की. घरीच तर असते मी."

दोष इंग्रजीचा नव्हता. आमच्या घरात जे बोललं जायचं, त्याचंच मी भाषांतर केलं होतं. शाळेच्या अर्जात वडिलांपुढे 'कामगार' आणि आईपुढे 'घरकाम' लिहिलेलं होतं. मराठीत 'करते' म्हटलं की करणारी बाई आहे हे क्रियापदच सांगतं. आम्हाला तेवढंही ऐकू येत नव्हतं. सरांनी व्याकरण तपासलं, ते त्यांचं काम होतं. वाक्य खोटं आहे हे फक्त मला दिसायला हवं होतं.

गेल्या महिन्यात मुलगी तोच धडा गिरवत होती. मी म्हटलं, आजीवर एक वाक्य कर.

"पण बाबा, आजी आता काम करत नाही ना? म्हणजे डज नॉट."

आईची बोटं आता पूर्ण मिटत नाहीत. स्वयंपाकघरात ती लसूण सोलत बसली होती.

"आत जाऊन बघून ये," मी म्हणालो.

ती बघून आली. डज नॉट खोडलं आणि वर्कला एस लावला.